लांबदांडी आणि दोघी जावा

माझ्या मोठ्या काकूला मत्सर लपवता येत नसे. इतरांच्या पोटात दुखतं ते पोटातच राहतं. काकूचं थेट चेहऱ्यावर येई. आधी नाकाचा शेंडा लाल होई, मग ती चष्मा काढून पुसायला घेई, आणि इतकी घासून पुसे की समोरच्याला वाटावं, या काचांनीच हिचं काहीतरी वाकडं केलंय. शेजारणीनं नवे पडदे लावले की काकूचा चष्मा लख्ख. काकांच्या साहेबाच्या बायकोला गाडी चालवता यायला लागली, तेव्हाही लख्ख. पण हे सगळं वरवरचं. तिच्या आयुष्यातला खरा मत्सर एकच. तो माझ्या आईबद्दल होता, आणि त्याचं कारण होतं वाळवंटातली एक कुत्र्याची छत्री.

काकू चष्म्याच्या दुकानात कामाला होती. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीतलं अरुंद दुकान. पुढे आरसे आणि फ्रेमा, मागे काच घासायचं यंत्र आणि काकूचं स्टूल. गिऱ्हाइकांच्या नाकाडाप्रमाणे काड्या वाकवणं, भिंग कापून फ्रेममध्ये बसवणं, हे तिचं काम. एकदा कडेला टवका उडालेलं एक जाड भिंग फेकून द्यायचं होतं. काकूनं ते फेकलं नाही. टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला एक दगड होता, त्यावर नारिंगी डाग होते. ते डाग रंगाचे, असं दुकानात सगळे समजत. काकूनं सहज भिंग लावलं आणि बघतच राहिली. डाग नव्हतेच ते. कडा दुमडलेल्या चिमुकल्या वाट्या होत्या, एकीला एक चिकटलेल्या, भांड्यांच्या दुकानात मांडतात तशा.

त्याच आठवड्यात वाचायचा चष्मा घ्यायला एक निवृत्त प्राध्यापक आले. वनस्पतिशास्त्र शिकवत असत. पुढे आमच्या घरात ते नुसते ‘सर’ झाले. काकूनं चष्म्याचं बाजूला ठेवलं आणि दगडच त्यांच्या हातात दिला.

“हे जिवंत आहे,” सर म्हणाले. “शास्त्रात याला शैवाक म्हणतात, घरात दगडफूल. बुरशी आणि शेवाळ यांचा संसार आहे हा. बुरशी घर बांधते, शेवाळ स्वयंपाक करतं.”

“आणि भांडतात का?” काकूनं विचारलं.

सर हसले. “भांडत असतीलही. दगडाला विचारायला हवं.”

तो दगड सरांनी मागितला नाही आणि काकूनं दिला नाही. पण पुढच्याच रविवारी ती सरांबरोबर दगडफुलं बघत हिंडणाऱ्या मंडळींत वाळवंटात गेली, आणि मग जातच राहिली.

आमचं गाव वाळवंटाच्या काठावर आहे. वाळवंट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या येतात. तसलं काही आमच्याकडे नाही. शहर बसचा शेवटचा थांबा पाणी उपसण्याच्या केंद्राजवळ. तिथून पुढे खडी, काटेरी झुडपं, कोरडा ओढा आणि त्याच्या दोन्ही अंगांना करपल्यासारखी काळपट जमीन. त्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही, हा सरांचा पहिला नियम. वरून मेलेली दिसते, पण तिच्यावर पातळ साय धरलेली असते. दगडफुलं, शेवाळ, बुरशीचे धागे, सगळं एकमेकांत विणलेलं. ती साय माती धरून ठेवते. पाऊल पडलं की कुरकुरत फुटते, आणि मग तो ठसा वर्षानुवर्षं तसाच. म्हणून चालायचं ते ओढ्याच्या पात्रातून, नाहीतर दगडावरून दगडावर. नवीन माणूस आला की हा नियम त्याला सांगायचं काम काकूचं. आणि ती तो असा सांगे की माणूस घरी गेल्यावरही पाय जपून टाकत असे.

सरांच्या मंडळींत काकूचा मान मोठा होता. औषधांच्या दुकानातले एक गृहस्थ होते, एक टपाल वाटणाऱ्या बाई होत्या, अधूनमधून कॉलेजची मुलं येत. पण सर काही दिसलं की आधी म्हणत, “बाईंना बोलवा.” भिंग गळ्यात घातलेली काकू गुडघ्यांवर बसे, दगडाला जवळजवळ नाक लावे, आणि सांगे की ही मागच्या रविवारची नव्हे, हिच्या कडेला काळी रेघ आहे. सर मान डोलावत. ती मान डोलली की काकूला आठवडाभर पुरत असे.

आणि मग तिनं स्वतःच माझ्या आईला बरोबर नेलं. हात दाखवून अवलक्षण, असं पुढे ती स्वतःच म्हणायची.

आमचं घर दुमजली. खाली आम्ही, वर काका-काकू. आई घरीच शिलाई करायची: पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश. बाबा फिरतीवर असत. दिवसभर यंत्रावर वाकून आईची मान धरली होती, म्हणून काकू म्हणाली, “चल गं एकदा. मोकळ्यावर चाललीस की मान सुटेल.” त्यात निव्वळ माया होती, हे मी शपथेवर सांगेन. काकू मत्सरी होती, दुष्ट नव्हती.

आईला वनस्पतीतलं काही म्हणता काही कळत नव्हतं. पण शिवणाऱ्या बाईची नजर तिची. पन्नास मीटर कापडात एक धागा सुटलेला असला तरी तिला तेवढाच दिसे. पहिल्याच रविवारी ती एका खडकापाशी थांबली आणि म्हणाली, “हे बघा, अस्तर उसवलंय.” खडकावर राखाडी दगडफूल होतं, त्याच्या कडा वर उचलल्या होत्या आणि खालून पांढरं दिसत होतं. सर गुडघा धरत धरत खाली बसले. त्या खडकावरून काकू वर्षानुवर्षं गेली होती. तिला ते दिसलं नव्हतं असं नाही; तिनं त्याला कधी थांबण्याजोगं मानलं नव्हतं.

“उसवलेलं अस्तर!” सर टाळी वाजवून म्हणाले. “लॅटिनमध्ये यापेक्षा फार वेगळं काही नाव नाही हो याला.”

मग दर रविवारी तेच. आई हसतखेळत चालायची, कुणाची तरी चेष्टा करायची, आणि बोलता बोलता बोट दाखवायची: ते काजाच्या टाक्यासारखं काय आहे? ही टाचणीची डोकी कुणी खोचून ठेवलीत? निम्म्या वेळा ते काहीच नसे, उंटाची लेंडी असे किंवा गंजलेलं झाकण. आईला त्याचंही हसू येई. उरलेल्या वेळी सरांच्या भुवया वर जात. आणि एकदा, सगळ्यांच्या देखत, सर म्हणून गेले, “नजर असावी तर अशी.”

काकूनं चष्मा काढला. “नजर नाही सर, नशीब,” ती म्हणाली आणि काचा पुसायला लागली.

त्यानंतर काकू चालताना पुढे राहायला लागली, आईच्या आधी सगळं आपल्याला दिसावं म्हणून. आईला तिनं दुकानातून एक भिंग आणून दिलं, ते इतकं बेताचं होतं की त्यातून मुंगी मुंगीएवढीच दिसे. आईनं तेच गळ्यात घातलं आणि “वहिनींनी दिलं” म्हणून कौतुकानं मिरवलं. हे तर काकूला आणखीच झोंबलं. एका शनिवारी तिनं जिन्यावरूनच सांगितलं, “उद्या रद्द झालंय गं, सरांना बरं नाही.” रविवारी सकाळी आई दूध आणायला गेली तर चौकात बस उभी, आणि खिडकीत काकू आणि सर शेजारी शेजारी. सरांनी हात केला. काकू समोरच्या सीटची पाठ निरखत बसली होती.

“बरे झालेले दिसतात सर,” आई घरी येऊन मला म्हणाली. बस्स, एवढंच. मी तेव्हा कॉलेजात होते, मला संताप आला. आई म्हणाली, “अगं, तिचं ते एकच आहे. मी मधे आले.”

लांबदांडी त्याच हिवाळ्यात उगवली.

लांबदांडी हे मंडळींनी ठेवलेलं नाव. वाळवंटातली एक दुर्मिळ अळंबी. जमिनीतल्या पिशवीतून एकच दांडा वर येतो, वीतभर, कधी त्याहून उंच, लाकडासारखा टणक आणि अंगभर सालपटं निघालेला. वर गंजाच्या रंगाची टोपी. टोपी कडेनं फाटते आणि तपकिरी भुकटी वाऱ्यावर जाते. सरांनी ती तरुणपणी एकदा पाहिली होती. तिच्याबद्दल सांगताना ते हातानं उंची दाखवत, आणि दर वर्षी ती उंची थोडी वाढे. काकू पहिल्या रविवारपासून ती शोधत होती. प्रत्येक पावसानंतर, प्रत्येक झुडपाच्या बुडाशी. “मी मरायच्या आत बघणार,” असं काकांना सांगे. काका वीज कंपनीत होते, शांत माणूस. “बघ की,” म्हणत.

त्या वर्षी थंडीत दोन चांगल्या सरी झाल्या. पुढच्या रविवारी सर गुडघ्यामुळे आले नव्हते, काकूला दुकानात मालाची मोजदाद होती. म्हणून टपालवाल्या बाई आणि आई अशा दोघीच गेल्या. संध्याकाळी काकू खाली चहाला आली होती, आणि आई कप विसळता विसळता म्हणाली,

“वहिनी, ती तुमची लांबदांडी कशी असते हो? गंजलेल्या खिळ्याला टोपी घातल्यासारखी?”

काकूचा कप बशीत वाजला. “का?”

“मला वाटतं, मी पाहिली आज.”

“तुला वाटतं. तुला उंटाची लेंडीही अळंबी वाटते.”

“तेही खरं,” आई म्हणाली. “पण हिला दांडा होता.”

आईनं तिला हात लावला नव्हता. आधी बघायचं, मग मापायचं, मग ठरवायचं, हा सरांचा दुसरा नियम. शेजारच्या काटेरी झुडपाला पडद्याच्या कापडाची एक निळी पट्टी तेवढी बांधून आली होती. तिनं सरांना फोन केला, आणि सरांचा आवाज मला पलीकडच्या खोलीत ऐकू आला. गुरुवारी गाडी ठरवतो, गुडघ्याला पट्टा बांधून येतो, तोवर कुणीही तिकडे फिरकू नका. आणि मोठ्या बाईंना सांगा, मोजपट्टी घेऊन त्यांनी यायलाच हवं.

‘मोठ्या बाईंनी यायलाच हवं’ हे आईनं आवर्जून वर जाऊन सांगितलं. काकू म्हणाली, “हो, मापं घ्यायला माणूस लागतंच.”

पुढचं काकूनं मला फार नंतर सांगितलं, तिच्या सांगण्यात काही आडपडदा नव्हता.

बुधवारी डोकं दुखतंय म्हणून ती दुकानातून निघाली आणि घरी न येता बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरली. नुसतं बघायचं, एवढंच तिच्या मनात होतं. किंबहुना ती लांबदांडी नसावी, एखादा सुकलेला दांडा असावा, अशी तिची जवळजवळ प्रार्थना होती. ओढ्याच्या पात्रातून ती नियमानं चालत गेली. निळी पट्टी लांबूनच दिसली. ती खाली बसली, भिंग लावलं. सालपटं, फाटलेली टोपी, भुकटी, सगळं होतं. सर दाखवत त्यापेक्षा बुटकी होती, पण तीच होती.

“मला किती आनंद व्हायला हवा होता,” काकू मला म्हणाली. “इतकी वर्षं जिच्यासाठी गुडघे झिजवले ती समोर उभी. आणि मला दिसत होती ती फक्त निळी चिंधी. तिच्या हातची ती गाठ. वाटलं, इथंसुद्धा शिवण घालून गेली ही.”

आणि तिनं ती उपटली.

बुडाची पिशवी मातीसकट उखडून आली आणि दांडा मोडला. टोपीतून भुकटीचा लोट उठला, काकूच्या हातांवर, कपड्यांवर, चष्म्यावर बसला. तिनं ती रुमालात गुंडाळली, पिशवीत घातली आणि पळत सुटली. शेवटच्या थांब्यावरून बस सुटायची वेळ झाली होती. ओढ्याचं वळण लांबचं. नियम सांगणारी माझी काकू त्या काळ्या जमिनीवरून सरळ आडवी धावली. पायाखाली ती साय कुरकुरत फुटत होती, तो आवाज तिला ऐकू येत होता, आणि तरी ती थांबली नाही.

गुरुवारी सर गाडी घेऊन आले. गुडघ्याला पट्टा, डोक्याला टोपी, चेहरा लग्नाला निघाल्यासारखा. आईबरोबर काकूही गेली. नाही कशी म्हणणार? खाई त्याला खवखवे, म्हणून सगळ्या वाटेत तीच बोलत होती. हवेबद्दल, दुकानाबद्दल, काकांच्या दाढेबद्दल. ओढ्यातून चालत तिघं झुडपापाशी पोचली. पट्टी होती. खाली मुठीएवढा खड्डा होता, आणि आजूबाजूच्या मातीवर तपकिरी भुकटी सांडलेली.

सर दगडावर बसले. कुणाला दोष न देता ते त्या खड्ड्याकडे बघत राहिले. आजारी माणसानं खिडकीतून रस्त्याकडे बघावं तसे.

आईनं मान वर केली आणि तिला ती पावलं दिसली. काळ्या जमिनीवरून थेट बसथांब्याच्या दिशेनं गेलेली, प्रत्येक ठसा शिक्क्यासारखा स्पष्ट. उजव्या टाचेवर तिरकी नक्षी. काकूच्या उजव्या बुटाची टाच झिजली होती, मोच्यानं तिला टायरचा तुकडा ठोकून दिला होता. ते बूट रोज आमच्याच जिन्याखाली असत. आईनं काकूच्या पायांकडे पाहिलं. काकू खडी-काट्यांत त्या दिवशी चपला घालून आली होती.

आई दोन पावलं सरकली आणि सरांच्या आणि त्या ठशांच्या मधे उभी राहिली.

“वाऱ्यानं मोडली असेल, सर. नाहीतर एखादी शेळी.”

“शेळी ही खात नाही,” सर म्हणाले. मग थोड्या वेळानं, “पण तुम्ही पाहिलीत ना नक्की?”

ते वाक्य आईला लागलं. ते काकूलाही कळलं. उंटाच्या लेंडीला फसणारी आई आता लांबदांडीबद्दलही अविश्वासाची धनीण झाली होती. “पाहिली होती, सर,” एवढंच आई म्हणाली.

घरी आल्यावर भांडण होईल, म्हणून काकूनं कंबर कसली होती. उत्तरं जुळवून ठेवली होती. भांडण झालंच नाही. आई नेहमीप्रमाणे विचारायची, वर पाणी आलं का? कपडे आत घेऊ का? लांबदांडी काकूच्या कपाटावर बुटांच्या खोक्यात पडून होती. काका शिंकायला लागले. काकूला घास गोड लागेना. तिनं अपेक्षा केली असेल की आपल्याला पश्चात्ताप होईल. तिला झाला तो नवाच मत्सर. “अळंबी तिला दिसली, ती ठीक,” ती मला म्हणाली. “पण मोठेपणासुद्धा तिनंच घ्यायचा? मला काय उरलं मग?”

अखेर एका दुपारी ती खोकं घेऊन खाली आली. आई यंत्रावर पडद्याची दुमड घालत होती. मी आतल्या खोलीत अभ्यासाला बसले होते. दार उघडंच होतं.

“ओरड ना एकदा,” काकू म्हणाली.

आईनं यंत्र थांबवलं नाही. “कशाबद्दल?”

“तुला माहितीये कशाबद्दल. पावलं पाहिलीस तू. मग बोलत का नाहीस? माझी दया करतेस?”

यंत्र थांबलं. “दया?” आई वळली. तिचा तसला आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. “वहिनी, मला बोलायला शब्द सापडेना म्हणून गप्प होते. तुम्हाला नोकरी आहे, चार माणसं बाई बाई करतात, सरांच्या शेजारची सीट तुमची. माझं या घरात काय आहे? हे यंत्रसुद्धा सासूबाईंचं. त्या दिवशी मी त्या छत्रीपाशी बसले होते. टपालवाल्या बाई पुढे गेल्या होत्या, आसपास कुणी नव्हतं. जन्मात पहिल्यांदा वाटलं, हे मला सापडलंय. आणि पहिला विचार काय आला माहितीये? वहिनींना किती आनंद होईल. मूर्ख मी.”

काकूनं खोकं यंत्रावर ठेवलं. “घे.”

“मला नको. सरांना नेऊन द्या.”

“तू दे की. सांग काय सांगायचंय ते.”

“मी सांगितलं तर ती चहाडी,” आई म्हणाली. “तुम्ही सांगितलंत तर निरीक्षण.”

काकूला त्या क्षणीही वाटलं, वाक्य किती नेमकं बोलली मेली! आपल्याला असं कधी सुचत नाही. हे तिनंच मला सांगितलं, आणि सांगताना चष्मा पुसत होती.

सरांकडे ती त्याच संध्याकाळी गेली. सरांनी खोकं उघडलं, मोडलेले तुकडे पांढऱ्या कागदावर मांडले, टोपीतली उरलेली भुकटी भिंगाखाली पाहिली. खूप वेळ त्यांनी वर पाहिलंच नाही. काकू उभीच होती. त्यांनी बसा म्हटलं नव्हतं.

“ओळखू येतेय,” शेवटी ते म्हणाले. “त्यांचं बरोबर होतं. परत कुठून गेलात?”

“कुठून म्हणजे?”

“पात्रातून गेलात की आडव्या?”

काकूनं सांगितलं. तेव्हा सर चिडले. अळंबीपेक्षा जास्त चिडले. “लांबदांडी पुन्हा येईल, बाई. आज ना उद्या, इथं नाहीतर तिथं. ती जमीन तुमच्या-माझ्या हयातीत भरून यायची नाही. आणि हे मी तुम्हाला सांगायचं? तुम्ही दुसऱ्यांना सांगत होतात!” मग शांत होऊन म्हणाले, “काही दिवस येऊ नका. मी कळवेन.”

तो सगळा उन्हाळा काकू रविवारी घरी होती. सकाळी आई पिशवी घेऊन निघे, भिंग गळ्यात, तेच बेताचं. काकू वरच्या खिडकीतून बघे. माझ्या माहितीतले तिचे सगळ्यांत वाईट दिवस ते. आई परतली की काकू जिन्यात काहीतरी निमित्त काढून उभी राहायची, आणि विचारायचं नसूनही विचारायची, “कोण कोण होतं?” काय दिसलं, हे मात्र विचारत नसे. काकांनी एकदा भीत भीत सुचवलं, दुसरा काही छंद लाव. काकूनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी वर्तमानपत्र उलगडलं.

अळंबीचे तुकडे सरांनी मोठ्या शहरातल्या संग्रहालयात पाठवले होते. पावसाळ्याच्या सुमाराला तिथून नमुन्याला लावलेल्या चिठ्ठीची नक्कल आली. आधी शोधणाऱ्या व्यक्तीचं नाव, मग गोळा करणाऱ्या व्यक्तीचं. पहिलं आईचं, दुसरं काकूचं, आडनाव एकच. ‘गोळा करणारी’ हा शब्द सरांनी घातला होता; त्यात टोमणा होता की क्षमा, यावर दोघी जावा पुढे कित्येक वर्षं वाद घालत. संग्रहालयातल्या कारकुनाला वाटलं या सख्ख्या बहिणी, आणि त्यानं तसं पत्रात लिहिलंही.

“बहिणी!” काकू म्हणाली. “आणि मी मोठी असून दुसरी!”

आई इतकी हसली की तिला टाचणी टोचली. काकूही हसली, पण जरा उशिरा.

सरांनी हिवाळा लागताच निरोप पाठवला. काकू गेली. आता ती मागे चालायची. नवीन माणसांना नियम सांगायचं काम औषधवाल्यांकडे गेलं होतं. ते तो अगदीच मिळमिळीत सांगत आणि काकू ओठ आवळून ऐके. आई मधूनच थांबून म्हणे, “वहिनी, जरा बघा ना, मला काही कळत नाहीये.” काकूला शंका येई की कळत असूनही विचारते. तरी ती बसे, भिंग लावे. बऱ्याचदा आईला खरंच कळलेलं नसे. दिसायचं आईला, ओळखायची काकू. सर दोघींकडे बघून मान डोलावत, आणि ती मान नक्की कुणासाठी डोलली यावरून काकूचा चष्मा परत लख्ख होई.

मत्सर गेला असं मी म्हणणार नाही. तो तसा जात नाही. त्याची दोघींना सवय झाली, घरातल्या करकरणाऱ्या दाराची होते तशी.

मग बाबांची बदली झाली. आम्ही दूर गेलो, दमट हवेच्या, सदा ओल्या भिंतींच्या शहरात. निघायच्या दिवशी काकू खाली आली, आईच्या गळ्यात एक नवं भिंग घातलं, दुकानातलं सगळ्यांत चांगलं, आणि म्हणाली, “आता तिकडे काय बघणार आहेस म्हणा.”

दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन येई. आधी तब्येती, मग काकांची दाढ, आणि शेवटी अगदी सहज विचारल्यासारखं, “मग? काही सापडलं का तिकडे?”

त्या शहरात आईला पहिल्याच महिन्यात इतकं सापडलं होतं की ठेवायला जागा नव्हती. झाडांच्या सालींवर दगडफुलांच्या झालरी, कुंपणाच्या लाकडावर कानासारख्या अळंब्या, गच्चीवर लाल टोप्यांची पलटण. एके दिवशी जिन्यातच तिला अशी एक बुरशी दिसली की तिनं शेजारच्यांना बाहेर बोलावून दाखवली. खिडकीच्या कट्ट्यावर नमुने वाळत पडले होते. आई फोन कानाला लावून त्यांच्याकडे बघत होती.

“नाही हो वहिनी,” ती म्हणाली. “इथं कुठलं काय? नुसतं शेवाळ.”



“वाटलंच मला,” पलीकडून काकू म्हणाली, आणि तिचा आवाज इतका खुलला की मलाही ऐकू आला. “आमच्याकडे बघ, आज काय झालं...”

आणि आई स्टूल ओढून ऐकायला बसली.